देउस्कर : बंगालचे की महाराष्ट्राचे?

‘तुम्ही मूळचे कुठले?’ हा प्रश्न बंगालात हयात घालविलेल्या आम्हां मराठी माणसांना इकडेही विचारतात आणि सुटीत गावी गेल्यावर तिकडेही. इकडे आम्ही सातारा किंवा मालवण सांगतो. तिकडे नकळत बंगाल सांगून बसतो. मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात या प्रश्नाचा विचार करताना आम्हांला सखाराम गणेश देउस्कर यांचे स्मरण वारंवार होते.

देउस्करांचा जन्म १८६९ साली देवघरजवळच्या करौं गावी झाला. तो मुलूख तेव्हा बंगाल प्रांतात होता, आज झारखंडात आहे. आडनाव कोकणातले; बिऱ्हाड मात्र केव्हाच तिकडे स्थिरावलेले. आई लहानपणीच गेली आणि आत्याने त्यांना वाढविले. या आत्याबाईंना मराठी वाङ्मयाची चांगली जाण होती. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर बंगाली, अशी ही वाढ. महाराष्ट्राचा इतिहास त्यांच्यापाशी पोहोचला तो शाळेतून नव्हे, या आत्याबाईंच्या तोंडून, असे म्हणावयास हरकत नाही.

आणि हा इतिहास सांगावयाचा कोणाला? तर बंगाली माणसाला! नागपूरकर भोसल्यांच्या फौजा १७४२ पासून जवळजवळ दहा वर्षे बंगालवर चालून येत होत्या. त्या फौजांतील बारगीर म्हणजे इथले ‘बर्गी’. त्यांच्या भयाने कलकत्तेकरांनी शहराभोवती खंदक खणावयास घेतला. ‘मराठा डिच’ म्हणून तो ओळखला गेला आणि १७९९ मध्ये बुजवून त्यावरून रस्ता काढण्यात आला. खंदक बुजला, पण बंगाली आया लेकरांना निजविताना बर्गीचे भय घालीतच राहिल्या. आमच्या शाळांतून या स्वाऱ्या पराक्रमाच्या यादीत येतात. बंगाली मुलाला त्या अंगाईतून भेटतात. दोहोंपैकी कोणीही खोटे बोलत नसते, हे इथे राहूनच आम्हांला कळले.

अशा समाजापुढे देउस्करांनी शिवचरित्र मांडले, आणि तेही त्याच्याच भाषेत. १९०२ साली त्यांच्या पुढाकाराने कलकत्त्यात शिवाजी उत्सव सुरू झाला. १९०४ मध्ये रवींद्रनाथांची ‘शिवाजी उत्सव’ ही कविता देउस्करांच्या ‘शिवाजीर दीक्षा’ या पुस्तिकेसोबत प्रसिद्ध झाली. १९०६ च्या उत्सवाला स्वतः लोकमान्य टिळक आले.

परंतु त्यांचे नाव ज्या ग्रंथामुळे राहिले, तो ‘देशेर कथा’ (१९०४) महाराष्ट्राविषयी नाहीच. परकीय राजवटीत देश कसा नागविला गेला, कारागिरांचे धंदे कसे बुडाले, याची ती आकडेवार फिर्याद आहे. ज्या बंगालच्या विणकरांची गावे मराठी स्वारांनी लुटली, त्याच बंगालच्या भाषेत एक मराठी माणूस साऱ्या हिंदुस्थानच्या कारागिरांची बाजू मांडीत होता. १९१० मध्ये सरकारने ग्रंथ जप्त केला. त्याचा हिंदी अनुवाद करणारे बाबूराव विष्णू पराडकर हे देउस्करांचे भाचे, काशीत जन्मलेले आणि पुढे तेथील ‘आज’ दैनिकाचे ख्यातनाम संपादक. एका मराठी घराने दोन भाषांना दिलेले हे देणे आमच्या वाङ्मयेतिहासांतून क्वचितच नोंदले जाते, याचे आम्हांला वैषम्य वाटते.

१९०७ मध्ये सुरत काँग्रेस फुटली. देउस्कर तेव्हा ‘हितवादी’चे संपादक होते. टिळकांविरुद्ध लिहिण्याचा आग्रह झाला, तेव्हा त्यांनी राजीनामा दिला. हा मराठीपणा म्हणावा की राष्ट्रनिष्ठा? आम्हांला वाटते, त्या दोहोंमधील रेघ त्यांना स्वतःलाही दाखविता आली नसती. १९१२ साली, वयाची त्रेचाळीस वर्षेही पुरी होण्याआधी, ते निवर्तले.

आपली मुले मराठी वाचीत नाहीत, ही तक्रार मंडळाच्या प्रत्येक वार्षिक सभेत होते आणि ती खरीही आहे. आत्याबाईंचे काम आमच्याकडून पुरते झालेले नाही. तथापि मंडळाच्या ग्रंथालयात यंदा मूळ बंगाली ‘देशेर कथा’ची एक प्रत यावी, अशी आमची सूचना आहे. आम्हां वृद्धांपैकी अनेकांना ती लिपी धड लागत नाही. नातवंडांना शेजारी बसवून ती वाचून घ्यावी लागेल.