जागल्याची जबाबदारी

इंग्रजीतल्या ‘व्हिसल ब्लोअर’ला आपल्या वृत्तपत्रांनी अलीकडे ‘जागल्या’ हा शब्द दिला आहे. तो ज्या कोणी प्रथम योजला त्याच्या मनात गावगाडा असेल असे वाटत नाही. पण शब्द मात्र नेमका पडला. जागल्या म्हणजे रात्री गाव राखणारा, बहुधा रामोशी, महार अशा जातींतला. गाव झोपले की त्याने जागायचे, चोर दिसला की ओरडायचे. आणि चोरीचा माग लागला नाही तर भरपाईही त्याच्याच माथी. ज्याच्या स्वतःच्या खोपटात चोरण्यासारखे काही नाही त्याने दुसऱ्याचे धन राखायचे आणि गेलेल्या धनाचा जाबही त्यानेच द्यायचा! १९२८ साली बाबासाहेबांनी मुंबई कायदेमंडळात वतनाचे विधेयक मांडले ते अशाच वेठीतून माणूस सोडवण्यासाठी. वतने पुढे गेली. ओरडणाऱ्यालाच जाब विचारण्याची रीत गेली नाही.

ही रीत मी प्रथम पाहिली ती वसतिगृहात. कोणते वसतिगृह ते लिहीत नाही. आमच्या ताटात येणारा तांदूळ आणि कागदावर येणारा तांदूळ यांत मोठी तफावत होती. हे सर्वांना माहीत होते. स्वयंपाक्याला, कारकुनाला, आम्हा पोरांना, समोरच्या किराणा दुकानदाराला तर सर्वात आधी. आमच्यातल्या एकाने वरच्या कचेरीकडे अर्ज केला. महिन्याभराने चौकशीला साहेब आले. आम्हा सगळ्यांना ओळीने उभे केले आणि एकच प्रश्न विचारला : “अर्ज कोणी लिहिला?” तांदूळ कुठे जातो हा प्रश्न त्या दिवशी निघालाच नाही. पुढच्या सत्रात तो मुलगा आमच्यात नव्हता.

पुढे काळ्यांच्या इतिहासाचे वाचन सुरू झाले. आपल्या चळवळीला हे नाते नवे नाही. जोतीरावांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ अमेरिकेतल्या गुलामगिरीविरुद्ध झटणाऱ्या लोकांना अर्पण केली. बाबासाहेबांनी १९४६ साली डब्ल्यू. ई. बी. द्यू बॉइस यांना पत्र लिहिले. १९७२ साली मुंबईच्या तरुणांनी ब्लॅक पँथरचे नाव घेऊन दलित पँथर उभी केली. त्याच १९७२च्या जुलैत अमेरिकेत एक बातमी फुटली. तिचा सविस्तर इतिहास जेम्स जोन्स यांनी १९८१ साली ‘बॅड ब्लड’ या ग्रंथात लिहिला. तो माझ्या हाती बराच उशिरा आला. पण वाचताना सतत वसतिगृहातली ती ओळ आठवत राहिली.

अलाबामा राज्यातला मेकन हा जिल्हा कापसाचा. कसणारे बहुतेक काळे, वाट्याने शेती करणारे, सावकाराच्या वहीत जन्मभर अडकलेले. १९३२ साली केंद्र सरकारच्या सार्वजनिक आरोग्य सेवेने तिथले सहाशे काळे पुरुष निवडले. ३९९ जणांना उपदंश होता (आपल्या खेड्यांत ज्याला गरमी म्हणतात तोच रोग) आणि २०१ जणांना तो नव्हता. उपदंशावर काहीही उपचार न केल्यास काळ्या माणसाच्या देहात रोग कसा वाढतो, हे मरेपर्यंत पाहायचे होते. माणसांना मात्र हे सांगितले नाही. त्यांना सांगितले की तुमचे ‘रक्त खराब’ आहे आणि सरकार त्यावर फुकट औषध देत आहे. पाठीच्या कण्यात सुई घालून पाणी काढायचे होते, तेव्हा तर पत्र गेले की खास मोफत उपचाराची ही शेवटची संधी आहे. तपासणीच्या दिवशी गरम जेवण, न्यायला-आणायला मोटार आणि मेल्यावर दफनाचा खर्च. दफनाच्या बदल्यात शवविच्छेदनाची परवानगी. ज्याला जिवंतपणी डॉक्टर कधी भेटला नाही त्याला ही केवढी मेहेरबानी वाटली असेल!

१९४७पर्यंत पेनिसिलीन हे उपदंशावरचे सर्वमान्य औषध झाले होते. त्याच वर्षी न्यूरेंबर्गला नाझी डॉक्टरांच्या खटल्याचा निकाल लागला आणि माणसाच्या संमतीवाचून त्याच्यावर प्रयोग करू नये असा दंडक जगापुढे आला. मेकन जिल्ह्यात काही बदलले नाही. स्थानिक डॉक्टरांकडे या माणसांच्या नावांच्या याद्या दिलेल्या होत्या, त्यांच्यावर उपचार करू नये म्हणून. युद्धात लष्करभरतीच्या तपासणीत काहींचा रोग उघड झाला, तेव्हा त्यांना सक्तीच्या उपचारातून वगळून घेण्यात आले. १९५८ साली पंचवीस वर्षांच्या सहकार्याबद्दल प्रत्येकाला प्रशस्तिपत्रक आणि पंचवीस डॉलर मिळाले. वर्षाला एक डॉलर.

आता एका गोष्टीपाशी मला थांबायचे आहे. हे सारे गुप्त होते असे आपण समजतो. तसे नव्हते. पहिला अहवाल १९३६ साली वैद्यकीय नियतकालिकात छापून आला आणि त्यानंतर वेळोवेळी लेख येत राहिले. उपचार केलेले नाहीत हे त्यांत लिहिलेलेच होते. छत्तीस वर्षे देशभरचे डॉक्टर ते वाचत होते, त्यांचे दाखले देत होते. डेट्रॉइटच्या अर्विन शॅट्झ नावाच्या एका तरुण डॉक्टरने १९६५ साली लेख वाचून लेखकांना पत्र लिहिले आणि इलाज असताना माणसांना रोगात ठेवणे कसे चालते असे विचारले. कचेरीत त्या पत्रावर शेरा पडला : असे पत्र पहिलेच आले आहे, उत्तर देण्याचा विचार नाही. तेव्हा माहितीचा अभाव हे कारण देता येत नाही. माहीत असलेल्यांतून कोणी विचारले तर उत्तर देणे आपल्यावर बंधनकारक आहे, असे त्या संस्थेला वाटतच नव्हते.

१९६५च्या अखेरीस पीटर बक्स्टन हा तरुण सॅन फ्रान्सिस्कोत आरोग्य सेवेत लागला. गुप्तरोग झालेल्यांना भेटून संसर्ग कोठून कोठे गेला हे शोधण्याचे काम. जन्म प्रागचा, १९३७चा, वडील ज्यू, हिटलरच्या धास्तीने कुटुंब अमेरिकेत आलेले. चहापाण्याच्या खोलीत सहकाऱ्यांच्या गप्पांत त्याच्या कानावर अलाबामाची हकीकत पडली. त्याने कागद मागवले आणि ते आले. इतके ते उघड होते. मग ग्रंथालयात जाऊन त्याने न्यूरेंबर्गच्या खटल्याची कागदपत्रे वाचली आणि नोव्हेंबर १९६६मध्ये रीतसर लेखी हरकत घेतली. (एकच महिना आधी खाडीपलीकडच्या ओकलंडमध्ये ब्लॅक पँथर पक्ष स्थापन झाला होता. दोघांना एकमेकांचा पत्ता नव्हता.) त्याच्या वरिष्ठाने कागद वाचला आणि म्हटले की तुला काढायला येतील तेव्हा माझे नाव घेऊ नकोस, मला बायकापोरे आहेत. या वरिष्ठाचा मला राग येत नाही. आपल्यातले निम्मे नोकरदार त्याच्या जागी बसलेले आहेत.

मार्च १९६७मध्ये बक्स्टनला अटलांटाला बोलावून घेतले. तिथे डॉ. जॉन कटलर यांनी त्याला चांगलेच फैलावर घेतले. प्रयोगाचे महत्त्व तुला कळत नाही, हा त्यांचा सूर. नोकरीवरून काढले नाही; पुढे तोच नोकरी सोडून कायदा शिकू लागला. एप्रिल १९६८मध्ये मार्टिन ल्यूथर किंग यांचा खून झाला, शहरे पेटली, आणि नोव्हेंबरमध्ये बक्स्टनने पुन्हा पत्र लिहिले. या वेळी साहेबलोकांना घाम फुटला. फेब्रुवारी १९६९मध्ये समिती बसली. समितीत डॉक्टर होते, काळा एकही नव्हता आणि तक्रारदाराला बोलावणे नव्हते. एका सभासदाने उपचार करावेत म्हणून विरोध केला. बाकीच्यांनी प्रयोग चालू ठेवण्याचे ठरवले, आणि मेकन जिल्ह्यातल्या डॉक्टरांचे सहकार्य पक्के करून घेतले. त्या डॉक्टरांत बहुतेक काळे होते.

इथे आपल्याला टोचणारी गोष्ट येते. ती टाळून लिहिणे अप्रामाणिकपणाचे होईल. प्रयोगाला जागा, दवाखाना आणि प्रतिष्ठा दिली ती टस्कगी संस्थेने, बुकर टी. वॉशिंग्टन यांनी १८८१ साली काळ्यांच्या उद्धारासाठी उभी केलेल्या त्याच संस्थेने. माणसांना घरोघर जाऊन आणणारी, त्यांची नावे, लेकरे, दुखणीखुपणी सारे जाणणारी परिचारिका युनिस रिव्हर्स ही काळीच होती. लोकांनी सरकारवर विश्वास ठेवला नव्हता, तो तिच्यावर ठेवला होता. पुढे काळे वकील फ्रेड ग्रे यांनी दावा लावला तेव्हा टस्कगी संस्था आणि रिव्हर्सबाई यांना त्यांनी प्रतिवादी केले नाही. मी यावर पुष्कळ विचार केला आहे. आपल्या माणसाला गोऱ्यांच्या कठड्यात उभे करायचे नाही हे मला समजते. पण आपल्याकडच्या संस्थाचालकांबद्दल आपण वर्षानुवर्षे जे मौन पाळतो त्याची पाठराखण मला या उदाहरणावरून करवत नाही. प्रस्थापितांनी आपल्यातला एक शिकलेला माणूस मध्ये उभा केला की आपला संशय मावळतो, हे त्यांना आपल्याआधी कळलेले असते.

आतून ओरडणारा काळा माणूसही होता. बिल जेंकिन्स हा तरुण संख्याशास्त्रज्ञ १९६०च्या दशकाच्या अखेरीस याच आरोग्य सेवेत लागला. त्याला प्रयोगाची कुणकुण लागली, त्याने वरिष्ठाला विचारले, वरिष्ठ म्हणाला काळजी करू नकोस. तो वरिष्ठ स्वतःच प्रयोगात गुंतलेला होता. जेंकिन्स आणि मित्रांनी आपल्या छोट्या पत्रिकेत लिहिले, बातमीदारांना कागद पाठवले. काहीच झाले नाही. म्हणजे गोऱ्या बक्स्टनचे सहा वर्षांनी ऐकले गेले, काळ्या जेंकिन्सचे ऐकलेच गेले नाही. बक्स्टनचे श्रेय याने उणे होत नाही. पण कोणाचा आवाज कोणत्या कानापर्यंत पोचतो हेही इतिहासात नोंदवले पाहिजे.

१९७२ साली बक्स्टनने कागद असोसिएटेड प्रेसच्या ओळखीच्या बातमीदार बाईंकडे दिले. त्यांनी ते सहकारी जीन हेलर यांच्याकडे सोपवले. २५ जुलैला बातमी आली, २६ जुलैला ती न्यूयॉर्क टाइम्सच्या पहिल्या पानावर होती. उपचाराविना ठेवलेल्यांपैकी तेव्हा ७४ जण हयात होते. चार्ली पोलार्ड हा शेतकरी माँटगमेरीच्या गुरांच्या बाजारात असताना एका बातमीदाराने त्याला गाठून विचारले, तेव्हा कुठे त्याला कळले की चाळीस वर्षे आपण काय होतो. मग तो फ्रेड ग्रे यांच्याकडे गेला. रोझा पार्क्स यांचे वकीलपत्र घेणारे ते हेच ग्रे.

प्रयोग त्याच वर्षाच्या अखेरीस बंद झाला. १९७३मध्ये सिनेटच्या सुनावणीत बक्स्टनने साक्ष दिली. दावा कोर्टाबाहेर मिटला, डिसेंबर १९७४मध्ये, एक कोटी डॉलरना. जिवंत रोग्याला ३७,५०० डॉलर, मेलेल्याच्या वारसांना १५,०००. माणसांवरील संशोधनाचे कायदे झाले, नियम झाले, आणि ते चांगलेच झाले. १६ मे १९९७ रोजी अध्यक्ष क्लिंटन यांनी माफी मागितली. तेव्हा सहाशेंपैकी आठ जण उरले होते. शिक्षा एकालाही झाली नाही. खटलाही कोणावर भरला गेला नाही.

मी मराठीचा मास्तर. वर्गात ‘प्रयोग’ शिकवताना कर्मणी प्रयोगाचे उदाहरण मी वर्तमानपत्रातून देत असे : ‘दलितांची घरे जाळली गेली.’ कोणी जाळली? वाक्यात कर्ता नाही, आणि व्याकरण त्याला चूकही म्हणत नाही. जगाने या प्रकरणाला ‘टस्कगी प्रयोग’ हेच नाव दिले. एका काळ्या गावाच्या, काळ्या संस्थेच्या नावावर तो चढला. ज्या सरकारी खात्याने चाळीस वर्षे तो चालवला त्याचे नाव त्यात नाही. बक्स्टन २०२४च्या मे महिन्यात, ८६ वर्षांचा होऊन वारला. आपल्याकडे जागल्यांच्या संरक्षणाचा कायदा २०१४ साली संमत झाला आणि मग वर्षानुवर्षे तो अंमलात आणायचाच राहिला, हेही इथे सांगून ठेवतो.

आणि कटलर? ज्यांनी अटलांटात त्या पोराला झापले ते डॉ. कटलर पुढे पिट्सबर्गला प्राध्यापक झाले, सन्मानाने निवृत्त झाले, २००३ साली वारले. त्यांचे कागद विद्यापीठाच्या संग्रहात होते. सुझन रेव्हर्बी या इतिहासकार बाई टस्कगीच्या शोधात ते चाळत असताना त्यांना दुसरेच काही सापडले. १९४६ ते १९४८ या काळात ग्वाटेमालात कैदी, सैनिक आणि मनोरुग्ण यांना न सांगता उपदंशाची लागण करून पाहण्यात आली होती, आणि त्या कामाचे प्रमुख कटलर होते. २०१० साली हे बाहेर आले. अध्यक्ष ओबामांनी ग्वाटेमालाच्या अध्यक्षांना दूरध्वनी करून माफी मागितली. तिथल्या पीडितांनी अमेरिकेच्या न्यायालयात दावा लावला. २०१२ साली न्यायाधीशांनी तो फेटाळला : परदेशात झालेल्या इजेबद्दल अमेरिकन सरकारवर असा दावा चालत नाही.