इंग्रजांच्या इंग्रजीची परीक्षा

आपल्याला मातृभाषा येते की नाही, हा प्रश्न सहसा कोणी कोणाला विचारीत नाही. परभाषेची परीक्षा द्यावी लागते, तिचे व्याकरण घोकावे लागते, तिच्यात चूक झाली तर चारचौघांत खाली पाहावे लागते. स्वभाषा मात्र आईच्या दुधाबरोबर येते, आणि अशा रीतीने आलेल्या गोष्टीचा दाखला मागणे हा एक प्रकारचा अपमानच, असा आपला समज असतो. इंग्रजीच्या बाबतीत तर हा समज आपल्याकडे फारच दृढ झालेला आहे. इंग्रज म्हटला की त्याला इंग्रजी येणारच, परीक्षा काय ती आपल्यासारख्यांनी द्यावयाची! परंतु एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास खुद्द इंग्लंडातील जाणत्या मंडळींना याविषयी शंका आली, आणि त्यांनी आपल्याच लोकांना आपल्याच भाषेच्या परीक्षेला बसविले. हा इतिहास ज्यांच्या आयुष्याची बरीच वर्षे टिपणे, मसुदे आणि सारांश लिहिण्यात गेली, अशा आमच्या वाचकांना तरी परका वाटू नये.

प्रथम त्या काळची स्थिती ध्यानात घेतली पाहिजे. इंग्लंडातील ज्या शाळांना ‘ग्रामर स्कूल’ म्हणत, तेथील ग्रामर हे लॅटिनचे होते. वरिष्ठ वर्गातील मुलगा दहा-बारा वर्षे लॅटिन व ग्रीक शिके, त्या भाषांत पद्यरचना करी. पण इंग्रजी शिकविण्याची वस्तू आहे असे कोणालाच वाटत नसे. इंग्रजी भाषा व वाङ्मय या विषयाचे प्राध्यापकपद लंडनच्या नव्या विद्यापीठीय महाविद्यालयात 1828 साली निर्माण झाले. ऑक्सफर्डमध्ये या विषयाची स्वतंत्र पदवी-परीक्षा येण्यास शतकाचे शेवटचे दशक उजाडावे लागले. ज्या देशाने आपली भाषा अर्ध्या जगावर पसरविली, त्याच्या अग्रगण्य विद्यापीठाने ती आपल्या दारात इतक्या उशिरा घेतली, ही गोष्ट चमत्कारिक खरी. पण ‘आपल्याला ती येतेच’ या समजुतीचेच ते फळ होते.

सरकारी नोकरीची रीतही याला साजेशी होती. जागा वशिल्याने मिळे आणि परीक्षा नावाला होई. तिचा सर्वात बोलका नमुना कादंबरीकार अँथनी ट्रोलप यांनी आपल्या आत्मचरित्रात नोंदवून ठेविला आहे. 1834 साली, एकोणिसाव्या वर्षी, ते लंडनच्या मुख्य टपाल कचेरीत कारकुनाच्या जागेसाठी गेले. त्यांना एका वृत्तपत्रातील काही ओळी नकलून काढावयास सांगितल्या. जुन्या लेखणीने त्यांनी कागदावर शाईचे डाग पाडले आणि शब्दांच्या चुकाही केल्या. तेव्हा घरून सुवाच्य मजकूर लिहून आणण्यास फर्माविण्यात आले. त्यांनी रात्री बसून गिबनच्या इतिहासग्रंथातील एक भाग काळजीपूर्वक उतरवून नेला. तो कोणी पाहिलादेखील नाही, आणि ट्रोलप वर्षाला 90 पौंडांवर रुजू झाले. अंकगणिताची परीक्षा पुढे घेऊ असे सांगण्यात आले होते. ती कधीच झाली नाही.

ही व्यवस्था मोडण्याची सुरुवात हिंदुस्थानच्या निमित्ताने झाली. 1853 च्या सनदी कायद्याने कंपनीच्या संचालकांचा नेमणुकीचा हक्क काढून घेतला आणि मुलकी सेवेची जागा खुल्या स्पर्धेने भरावयाचे ठरले. परीक्षा कशी असावी हे ठरविण्यासाठी एक समिती नेमली गेली. तिचे प्रमुख मेकॉले, आणि सभासदांत ऑक्सफर्डचे बेंजामिन जॉवेट हेही होते. 1854 च्या अखेरीस आलेल्या या समितीच्या अहवालातील गुणांचे कोष्टक फार बोधप्रद आहे. एकूण गुण 6,875. त्यांपैकी गणिताला 1,000, ग्रीकला 750, लॅटिनला 750. फ्रेंच, जर्मन, इटालियन, संस्कृत आणि अरबी यांना प्रत्येकी 375. भौतिक शास्त्रांना 500 आणि तत्त्वज्ञानादी नैतिक शास्त्रांना 500. आणि या सर्वांच्या अग्रभागी समितीने ठेविली ती इंग्रजी: निबंधलेखनास 500, वाङ्मय व इतिहास यांस 1,000, मिळून 1,500. ज्या दोन प्राचीन भाषांवर इंग्रज मुलाचे सारे बालपण खर्च होई, त्या दोघींच्या बेरजेइतके गुण एकट्या स्वभाषेला!

मेकॉले हे नाव आपल्या कानी पडते ते 1835 च्या शिक्षणविषयक टिपणामुळे, आणि ते बहुधा रागाने उच्चारले जाते. त्या टिपणात आपल्या विद्येविषयी त्यांनी दाखविलेले अज्ञान आणि तुच्छता यांची सफाई देण्याचा आमचा हेतू नाही. परंतु ज्या गृहस्थाने आपल्यावर इंग्रजी लादली असे आपण म्हणतो, त्याच गृहस्थाने एकोणीस वर्षांनी आपल्या देशबांधवांनाही सांगितले की, तुम्ही इंग्रज म्हणून जन्मलात एवढ्याने तुम्हाला इंग्रजी लिहिता येते असे आम्ही मानणार नाही. ही दुसरी बाजूही इतिहासाच्या वाचकाने पाहिली पाहिजे.

1855 च्या मे महिन्यात इंग्लंडातील नोकऱ्यांसाठीही मुलकी सेवा आयोग स्थापन झाला. हस्ताक्षर, शुद्धलेखन, अंकगणित, निबंध आणि कागदपत्रांचा सारांश अशा साध्या विषयांत उमेदवारांची चाचणी सुरू झाली. ज्यांच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या इंग्रजीच बोलली जात होती, असे तरुण शुद्धलेखनात नापास होऊ लागले, आणि ही गोष्ट आयोगाच्या छापील अहवालांतून जगजाहीर होऊ लागली. वशिल्याच्या जोरावर निर्धास्त असलेल्या घराण्यांना हा धक्का मोठाच होता.

अर्थात विरोधही झाला, आणि तो सगळाच स्वार्थी नव्हता. ट्रोलप यांनी 1858 च्या ‘द थ्री क्लार्क्स’ या कादंबरीत या परीक्षांची आणि त्यांच्या पुरस्कर्त्यांची यथेच्छ टिंगल केली. त्यांच्या म्हणण्यात तथ्य होते. अशी परीक्षा 1834 साली असती तर ते स्वतः टपालखात्यात शिरूच शकले नसते. आणि त्यांनी तर पुढे त्या खात्यात तेहतीस वर्षे उत्तम काम केले, रस्त्यावरच्या टपालपेटीची कल्पना अमलात आणली आणि सत्तेचाळीस कादंबऱ्याही लिहिल्या. एका सकाळी पडलेले शाईचे डाग माणसाच्या भाषेचे माप होऊ शकत नाहीत, हा आक्षेप तेव्हाही खरा होता आणि आजही आहे.

या आक्षेपाची सत्यता प्राथमिक शाळांत विदारक रीतीने दिसून आली. 1862 साली रॉबर्ट लो यांच्या पुढाकाराने अमलात आलेल्या सुधारित संहितेने शाळेचे अनुदान मुलांच्या परीक्षेशी जोडले. वाचन, लेखन आणि गणित या तीन विषयांपैकी एकात मूल नापास झाले की शाळेचे 2 शिलिंग 8 पेन्स बुडत. परिणाम व्हावयाचा तोच झाला. शिक्षकांनी क्रमिक पुस्तके मुलांकडून तोंडपाठ करून घेतली. मूल घडाघडा वाची, पण त्याच भाषेतील न पाहिलेले पान पुढे ठेविले की अडखळे. कवी मॅथ्यू आर्नल्ड हे स्वतः शाळा-तपासनीस होते. त्यांनी या पद्धतीविरुद्ध त्याच वर्षी लेख लिहिला, पुढेही आपल्या अहवालांतून तिचे दोष दाखविले. शतकाच्या अखेरीस ती मोडीत निघाली. पण तोपर्यंत एका पिढीने आपल्या मातृभाषेला अनुदानाच्या हिशेबात मोजले जाताना पाहिले.

त्याच सुमारास ही परीक्षा करमणुकीचाही विषय झाली. 1875 साली अमेरिकेत शब्दांचे वर्णोच्चार सांगण्याच्या स्पर्धांची साथच पसरली. प्रौढ स्त्रीपुरुष सभागृहात रांगेने उभे राहत आणि चुकणारा खाली बसे. हार्टफर्ड येथील अशा एका स्पर्धेत मार्क ट्वेन यांचेही भाषण झाले. लवकरच हे वेड अटलांटिक ओलांडून इंग्लंडात आले आणि काही काळाने ओसरले. अमेरिकेत मात्र 1925 पासून शाळकरी मुलांची राष्ट्रीय स्पर्धा भरू लागली. 2019 साली तिच्यात आठ मुले संयुक्त विजेती ठरली, आणि त्यांपैकी सात भारतीय वंशाची होती. ज्यांच्या आजी-आजोबांना इंग्रजी ही परकी भाषा म्हणून शिकावी लागली, त्यांच्या नातवंडांनी जन्मसिद्ध हक्कदारांना मागे टाकावे, याहून या विषयावरचे मार्मिक भाष्य कोणते असणार?

विद्वानांचे द्वंद्वही रंगले. कॅंटरबरीचे डीन हेन्री ऑल्फर्ड यांनी 1863-64 च्या सुमारास ‘राणीची इंग्रजी’ या नावाने लोकांच्या भाषेतील दोष दाखविणारे लेखन प्रसिद्ध केले. जॉर्ज वॉशिंग्टन मून नावाच्या गृहस्थांनी लगेच ‘डीनची इंग्रजी’ लिहून ऑल्फर्ड यांच्याच वाक्यांतील दोष एकेक करून मांडले. परीक्षकच परीक्षेला बसला! पुढे 1906 साली फाउलर बंधूंनी ‘द किंग्ज इंग्लिश’ या ग्रंथात थोर लेखकांच्या आणि प्रतिष्ठित वृत्तपत्रांच्या चुका नमुन्यादाखल भरपूर दिल्या. या प्रकारात दोषैकदृष्टी पुष्कळ होती. परंतु भाषा लिहिणारा कितीही मोठा असला तरी तो तपासणीच्या वर नाही, हे तत्त्व त्यातून रुजले.

या साऱ्या प्रवासाला सुजाण वळण लागले ते विसाव्या शतकात. पहिल्या महायुद्धानंतर कवी हेन्री न्यूबोल्ट यांच्या अध्यक्षतेखाली एक समिती बसली. इंग्लंडात इंग्रजी कशी शिकविली जाते, हाच तिच्या 1921 च्या अहवालाचा विषय होता, आणि स्वभाषेचे शिक्षण हा साऱ्या राष्ट्रीय शिक्षणाचा पाया आहे, असे तिने बजावले. दुसऱ्या महायुद्धानंतर खुद्द कचेऱ्यांची पाळी आली. सरकारी पत्रे जनतेला कळेनाशी झाली आहेत, हे ओळखून ब्रिटिश अर्थखात्याने सर अर्नेस्ट गॉवर्स यांना मार्गदर्शनपर पुस्तक लिहिण्याची विनंती केली. त्यातून 1948 चे ‘प्लेन वर्ड्‌स’ आणि 1954 चे ‘द कम्प्लीट प्लेन वर्ड्‌स’ ही पुस्तके सिद्ध झाली. गॉवर्स स्वतः आयुष्यभर सनदी अधिकारी होते. आपल्याच जातभाईंच्या भाषेची परीक्षा त्यांनी घेतली. पण त्यांची कसोटी निराळी होती. वर्णलेखन शुद्ध आहे का, एवढे विचारून ते थांबले नाहीत. लिहिणाऱ्याच्या मनातला अर्थ वाचणाऱ्याच्या मनात सरळ उतरला का, हा त्यांचा मुख्य प्रश्न. अधिकाऱ्याने उगाच जास्त शब्द वापरू नयेत, ओळखीचा शब्द असता अनोळखी घेऊ नये आणि मोघम शब्दामागे दडू नये, एवढेच त्यांचे सांगणे. शाईच्या डागांपासून निघालेली परीक्षा शंभर वर्षांनी वाचकाच्या सोयीपर्यंत येऊन पोहोचली.

आता आपल्याकडे वळू. 1869 साली लंडनमध्ये सुरेंद्रनाथ बॅनर्जी, रमेशचंद्र दत्त आणि बिहारीलाल गुप्त यांच्याबरोबर आपले श्रीपाद बाबाजी ठाकूर हे त्या स्पर्धा-परीक्षेत यशस्वी झाले. इंग्रजीच्या ज्या प्रश्नपत्रिका इंग्रज मुलांना, त्याच यांना. परभाषेच्या परीक्षेत आपण तेव्हापासून कधी कमी पडलो नाही. प्रश्न आहे तो स्वभाषेचा. मुंबई विद्यापीठाच्या उच्च परीक्षांतून मराठी बाहेर पडली, आणि तिला तेथे पुन्हा स्थान मिळावे म्हणून न्यायमूर्ती रानडे यांना आयुष्याच्या अखेरपर्यंत झटावे लागले. स्वातंत्र्यानंतर केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या मुलकी सेवा परीक्षेत भारतीय भाषेची एक सक्तीची प्रश्नपत्रिका आली. ती 300 गुणांची. परंतु 25 टक्के गुण पडले की पुरे, आणि ते गुण अंतिम क्रमवारीत धरले जात नाहीत. मेकॉले यांच्या समितीने आपल्या तरुणांकडून स्वभाषेसाठी एकूण गुणांचा पंचमांशाहून अधिक भाग मागितला होता. आपण आपल्या तरुणांकडून उंबरठा ओलांडण्यापुरतीच भाषा मागतो. आणि तेथेही ठेच लागणारे निघतात.

परप्रांतात नोकरीनिमित्त राहणाऱ्या आपल्यासारख्यांची गोष्ट तर आणखी नाजूक आहे. आपले टिपण इंग्रजीत किंवा हिंदीत. ते वरिष्ठ पाहतात, लाल शाईने दुरुस्त करतात, त्यामुळे त्या भाषा सतत घासल्या जातात. मराठी तेवढी घरात उरते. तिला वरिष्ठ नाही, गोपनीय अहवाल नाही, म्हणून तिच्यावर गंज चढतो तो कोणाच्या लक्षात येत नाही. मुले मराठीत उत्तर देताना निम्मे शब्द बाजारातले आणि निम्मे शाळेतले घालतात. आपण ते हसून सोडून देतो, कारण मराठी ती, येणारच!

या ‘येणारच’ शब्दाची किंमत काय, हे इंग्रजांनी आपल्या इतिहासात मोजून दाखविले आहे. त्यांच्या रॉबर्ट लोंचे अनुकरण आपण करू नये. मुलांना मराठीचे गुण देऊन भागणार नाही. पण गॉवर्स यांची कसोटी घरच्या घरी लावता येण्याजोगी आहे. गावाकडच्या वडिलांना महिन्याकाठी एक पत्र मराठीत लिहावे, मुलांकडून चार ओळी लिहून घ्याव्यात, आणि ते पत्र पलीकडे एका वाचनात कळले की नाही, एवढेच विचारावे. त्या पत्राचे जे उत्तर येईल, त्यात आपला निकाल लिहिलेला असेल.