फारकतीचा कागद

बीड जिल्ह्यातल्या पाटोद्यात तहसीलसमोरच्या लिंबाखाली माझं टेबल आहे. मी अर्जनवीस, माझ्या आधी वडीलही अर्जनवीसच. इथं बसून चाळीस वर्षांत सगळ्यात जास्त वेळा कानावर आलेला शब्द म्हणजे फारकत. ‘काका, फारकत लिहायचीय,’ म्हणत माणूस समोर बसला, की मी आधी विचारतो, कोणाची? भावाभावांची, की नवराबायकोची?

वडिलांच्या ट्रंकेत या शब्दाचा तिसरा अर्थ सापडला. निजामाच्या राज्यात कचेरीची भाषा उर्दू, त्यामुळे वडिलांचा हातही उर्दूचा. चार घड्या घातलेला, घडीवर फाटत आलेला एक कागद आहे, आणि कोपऱ्यात निळ्या शाईचा अंगठा आहे. सावकारानं एका कुळाला लिहून दिलं होतं की निजामी चलनातले चाळीस हाली रुपये आणि वरचं व्याज पोचलं, आता याच्याकडे माझं काही येणं नाही. कागदाच्या माथ्यावर शब्द आहे फारिगखत. फारिग म्हणजे मोकळा, खत म्हणजे लेखी कागद. आपल्या तोंडात त्याचं फारखत झालं, मग फारकत. म्हणजे मुळात हा शब्द ताटातुटीचा नव्हे, देणं फिटल्याचा. भावानं भावाला ‘तुझं माझं काही लागत नाही’ असं लिहून दिलं तीही फारकत, आणि तोच कागद पुढं नवराबायकोत आला. त्याआधी पंचांसमोर गवताची काडी मोडत. काडीमोडीला कागद लागत नव्हता.

17 सप्टेंबर 1948 ला निजामाचं राज्य गेलं, 1956 ला मराठवाडा हैदराबादेपासून निघून मुंबई राज्यात आला, आणि वडील पन्नाशीच्या आत मराठीत अर्ज लिहायला शिकले. भावांच्या कागदाला आता वाटणीपत्र म्हणतात, हक्कसोडपत्र म्हणतात, सातबाऱ्यावर खातेफोड होते. ‘देणं फिटलं’ हा अर्थ मात्र लोकांच्या बोलण्यातून गेला. मला तो गेल्याचं दुःख आहे, कारण आमच्या बालाघाटाच्या डोंगरात त्याचीच गरज सगळ्यात जास्त आहे.

प्रवरानगरला 1950 मध्ये सहकारी साखर कारखाना सुरू झाला, मग पश्चिम महाराष्ट्रात धुराडी वाढत गेली. आमच्याकडे कुसळी रान आणि हुकमी दुष्काळ. 1972 नंतर तर गावंच्या गावं तिकडं ऊसतोडीला जाऊ लागली. दसरा-दिवाळी झाली की घराला कुलूप, म्हातारी आणि शाळेतलं पोरगं मागं. मजुरांची टोळी नेणाऱ्या मुकादमाच्या वहीत माणूस मोजत नाहीत, कोयता मोजतात. नवराबायको मिळून एक कोयता, एकटा गडी अर्धा कोयता. उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, मिळते ती कोयत्यावर. पोरांची लग्नं घाईनं उरकतात त्याचं एक कारण हेच आहे. 2019 ला आमच्या जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांची पाहणी झाली, तेव्हा 82 हजार बायकांपैकी 13 हजारांहून जास्त जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली. पाळीचा खाडा नको, खाड्याचा दंड नको, हे त्यामागचं एक कारण. तो आकडा वाचला त्या दिवशी मी टेबल मांडलं नाही.

हिशेब साधा आहे. 2024 ला तोडीचा दर टनाला 366 रुपये झाला. एक लाख उचल असेल तर ती फेडायला पावणेतीनशे टन ऊस तोडावा लागतो. दोघांनी रोज दोन टन तोडला तरी साडेचार महिने. त्यात पंधरवड्याची खर्ची चढत जाते, एखादं आजारपण येतं, पाऊस येतो. एप्रिलमध्ये परतताना बाकी उरतेच, आणि पुढच्या सालाची उचल तिच्यावर चढते. 1976 च्या कायद्यानं वेठबिगारीचं कर्ज बुडालं असं ठरलं. पण मुकादमाची वही त्या कायद्यापुढं कधी उघडली गेल्याचं मी पाहिलं नाही.

गेल्या उन्हाळ्यात एक बाई आली, वय पंचवीस-सव्वीस. हाताला पाचटाचे बारीक चरे, तळव्याला कोयत्याचे घट्टे. सोबत नवरा आणि तिचा भाऊ. नवरा राजी होता. मी नेहमीप्रमाणे सांगितलं, ‘बाई, बाँडवर लिहिलं म्हणजे लग्न मोडत नाही. 1955 चा कायदा आहे, तुमच्यात रूढी असेल आणि ती शाबीत झाली तरच चालतं, नाहीतर कोर्टात जावं लागतं.’ ती म्हणाली, ‘कोर्टात जाईन काका. पण आधी एवढं लिवा, की उचलीतलं बाकीचं माझ्याकडं काही नाही. नाहीतर मुकादम माझ्या बापाच्या दारात येतो.’

मी पेन खाली ठेवलं. चाळीस वर्षांत वडिलांच्या कागदावरची फारकत माझ्याकडे कोणी पहिल्यांदाच मागत होतं.

पाचशेच्या बाँडवर दोन कलमं लिहिली. पहिलं, आजपासून दोघं वेगळे. दुसरं, कोयत्यावरच्या बाकीशी हिचा संबंध नाही. नवऱ्यानं सही केली, तिनं केली, भावानं साक्ष घातली. खाली मुकादमासाठी जागा सोडली. भाऊ कागद घेऊन त्याच्या गावी गेला आणि तिसऱ्या दिवशी तसाच घेऊन आला. मुकादम म्हणाला होता, कोयता फुटला तरी उचल फुटत नाही.

एक प्रत तिनं पदरात बांधून नेली. दुसरी मी वडिलांच्या ट्रंकेत त्या उर्दू कागदाखाली ठेवली आहे. मुकादमाच्या सहीची जागा कोरी आहे.