टाळूचा तुकडा, हिरडीचं कलम

मागच्या महिन्यात डेंटिस्टांनी हातात आरसा देऊन खालचा एक दात दाखवला. हिरडी खाली सरकून मूळ उघडं पडलं होतं. कारण साधं: वर्षानुवर्षं कडक ब्रशने खसाखसा घासणं. "सरकलेली हिरडी आपोआप वर येत नाही. टाळूतून तुकडा काढून इथे शिवावा लागेल," ते म्हणाले. होकार देण्याआधी मी घरी येऊन या पद्धतीचा इतिहास वाचून काढला.

खरी अडचण रक्ताची आहे. उघड्या मुळाच्या पृष्ठभागाला रक्तपुरवठा नसतो. मग त्यावर लावलेला तुकडा जगणार कशावर?

एक जुनं उत्तर पुण्यात होतं. १७९४ साली लंडनच्या 'जेंटलमन्स मॅगझिन'मध्ये कावसजी या गाडीवानाची हकीकत छापून आली. टिपूच्या कैदेत त्याचं नाक कापलं गेलं होतं. पुण्याजवळ, विटा पाडणाऱ्यांच्या जातीतल्या एका माणसाने कपाळाची कातडी खाली वळवून नवं नाक घडवलं. कातडी नव्या जागी धरेपर्यंत तिचा देठ मात्र तोडला नाही. आंब्याच्या भेटकलमात करतात तसंच.

१९५६ मध्ये ग्रूप आणि वॉरन यांनी हेच तत्त्व हिरडीला लावलं: शेजारच्या दाताची हिरडी, बुडाशी जोडलेली ठेवून, उघड्या मुळावर सरकवायची. पण शेजारीच हिरडी कमी असेल तर?

१९६३ मध्ये स्वीडनच्या ब्यॉर्न यांनी देठाशिवायचं, मोकळं कलम मांडलं. टाळूतून काढलेला असा तुकडा पहिले काही दिवस भोवतालच्या जखमेतून झिरपणाऱ्या द्रवावर तगतो, मग त्यात रक्तवाहिन्या शिरतात. पण रुंद मुळावर त्याचा मधला भाग मरायचा, टाळूला उघडी जखम राहायची आणि हिरडीवर फिकट ठिगळ दिसायचं.

१९७५ मध्ये कॅरिंग, लँग आणि ल्यो यांनी माकडांवरच्या प्रयोगांतून दाखवलं की वरचा थर कसा बनणार, हे खालची संयोजी ऊती ठरवते. आमच्या भाषेत, स्क्रीन कशी दिसेल ते बॅकएंड ठरवतो. म्हणजे टाळूचा वरचा थर घ्यायची गरजच नव्हती.

१९८५ मध्ये लँगर आणि लँगर यांनी मुळं झाकण्यासाठी टाळूतली मुख्यतः आतली ऊती घेतली आणि हिरडीच्या पदराखाली सरकवली. आता रक्त खालून आणि वरून, दोन्हीकडून मिळू लागलं. टाळूची जखमही बरीचशी झाकली जाऊ लागली.

माझ्यावर हीच शस्त्रक्रिया होणार आहे. तारीख ठरली, भीती थोडी उरली. पण मऊ ब्रश आजच आणलाय. हात पुन्हा तसाच चालला, तर टाळूने दिलेला तुकडाही झिजेल.