संगणक सुरू होताना अडकणे (हँग होणे)

कळ दाबल्यावर संगणक चालू होतो, पण कामाच्या पडद्यापर्यंत न पोहोचता मध्येच थांबतो, असा बिघाड. निदानासाठी तो नेमका कुठे थांबला हे पाहावे. उत्पादकाच्या बोधचिन्हावरच थांबला, तर संशय रॅम, डिस्क किंवा बाहेरून जोडलेल्या उपकरणावर जातो. म्हणून कीबोर्ड-माऊसखेरीज सर्व काढून पुन्हा सुरू करावा. विंडोजची फिरती टिंबे दिसल्यावर थांबला, तर बहुधा ड्रायव्हर, अर्धवट अपडेट किंवा खराब होत चाललेली डिस्क कारणीभूत असते. ‘सेफ मोड’मध्ये तो नीट चालला, तर दोष बहुतेक ड्रायव्हरचा किंवा नव्या प्रोग्रामचा.

कोकणातल्या महाड-पोलादपूर पट्ट्यात पावसाळी दमटपणाही लक्षात घ्यावा लागतो. रॅमच्या संपर्कपट्ट्यांवर थर चढून जोडणी कच्ची होते. वीज तोडून रॅम काढावी, पट्ट्या खोडरबराने हलकेच पुसाव्यात आणि ती घट्ट बसवावी. हा साधा उपाय अनेकदा पुरतो.

पुरात भिजलेल्या यंत्राची गोष्ट वेगळी. जुलै 2021 मध्ये सावित्री-गांधारी नद्यांचे पाणी महाड शहरात शिरले होते. अशा पाण्यासोबत आलेला बारीक गाळ वीजवाहक ओलावा धरून ठेवतो. यंत्र ‘चालतंय का बघू’ म्हणून वीज देणे हीच सर्वांत महागडी चूक. आधी डिस्क काढावी. बुडालेली डिस्क मात्र घरी न उघडता माहिती-पुनर्प्राप्तीच्या जाणकाराकडे द्यावी. डिस्क कोरडी पण कुरकुरत असेल, तर दुरुस्तीच्या आज्ञा चालवण्याआधी माहितीची प्रत घ्यावी, कारण त्या आज्ञांचा ताण मरणासन्न डिस्कला सोसत नाही.