तोंडपाठ हिब्रू

नवगावच्या किनाऱ्याजवळ आपल्या पूर्वजांचे गलबत फुटले, ग्रंथ समुद्रात गेले आणि ओठांवर 'शेमा' तेवढा उरला, ही परंपरेची कथा आपणां सर्वांस ठाऊक आहे. बाकीची हिब्रू पुन्हा शिकावी लागली. १७९६ साली मुंबईत आपले पहिले सिनेगॉग उभे राहिले, १८३२ साली डॉ. जॉन विल्सन यांचे मराठीतून हिब्रू व्याकरण निघाले, १८४६ साली मराठी भाषांतरासह हाग्गादा छापली गेली. तरीही आम्ही मुली हिब्रू शिकलो त्या कानानेच. आईबरोबर माडीवर बसायचे आणि खालून येणारे हज्जानचे शब्द चालीसकट उचलायचे. अर्थ विचारला की आई म्हणे, "आधी पाठ कर, अर्थ मागाहून कळेल."

हेर्मान एबिंगहाऊस या जर्मन शास्त्रज्ञाने निरर्थक अक्षरे स्वतःच पाठ करून स्मरणशक्ती मोजली व १८८५ साली ते प्रसिद्ध केले. पाठ केलेले सुरुवातीला झपाट्याने विसरते, मग विसरण्याचा वेग मंदावतो. थोड्या थोड्या दिवसांनी उजळणी केली तर जास्त टिकते. आपला शब्बाथ तर दर आठवड्याला हजर!

१९७८ साली आम्ही उल्पानच्या बाकावर बसलो. बाईंनी फळ्यावर 'लेहेम' लिहून पाव दाखवला. अहो, हा तर जेवणाआधीच्या ब्राखातला शब्द! 'मेलेख', 'योम', 'शामायिम', सगळे घरचेच निघाले. बाई 'ऐका' या अर्थी 'तिश्मेऊ' म्हणाल्या, तेव्हा त्यात शेमा ओळखू आला. हिब्रू शब्द बहुधा तीन अक्षरांच्या धातूवर उभे असतात, त्यामुळे एक पाठ शब्द नव्या चौघांना हात धरून आणतो. बोलताना मात्र फजिती होई. प्रार्थनेच्या भाषेत बसचे तिकीट कसे मागणार?

पुढे वृद्धांच्या वॉर्डात नर्सची नोकरी करताना स्मृतीची दुसरी बाजू पाहिली. स्मृतिभ्रंशात पुष्कळदा मागाहून शिकलेली भाषा आधी सुटते. आपल्यापैकीच एक आजी वर्षानुवर्षे हिब्रूत बाजारहाट केलेली. शेवटी "पाणी दे गं बाय" एवढेच म्हणे. इतर नर्सना वाटे, ती बरळते आहे. आम्ही पाणी दिले, आणि पाणी, दुखतंय, थंडी, लेकीला बोलवा, असे मराठी शब्द हिब्रू अक्षरांत लिहून, अर्थासह खाटेशी लावले. शुक्रवारी शब्बाथचे दिवे लागले की तीच आजी ब्राखा म्हणे, माडीवर शिकलेल्या चालीत, एक शब्दही न चुकता.