हायाके
हायाके : क्यूदो या जपानी धनुर्विद्येतील एक दोष. धनुष्य पूर्ण ताणल्यावर बाण काही क्षण रोखून धरावा लागतो. तो तसा न धरता, सोडण्याचे मनात नसतानाही हातून सुटून जातो, त्यास हायाके म्हणतात. सोडायचे ठरवूनही बाण न सुटणे (मोतारे) आणि ऐन वेळी अंगाला हिसका बसणे (बिकु) हे याच कुळातले दोष होत. पाश्चात्त्य धनुर्धर या सर्वांना मिळून टार्गेट पॅनिक म्हणतात.

क्यूदोत एक बाण मारण्याच्या आठ पायऱ्या मानतात. त्यांपैकी पाचवी हिकिवाके (ताणणे), सहावी काई (पूर्ण ताणात थांबणे) आणि सातवी हानारे (बाण सुटणे). हायाकेत सहावी पायरी गळते. काईत बाण गालाला टेकून साधारण ओठांच्या रेषेत असतो व ही स्थिती पाच-सहा सेकंद टिकावी, असे पुष्कळ शिक्षक सांगतात. दोष जडलेल्या धनुर्धराचा बाण त्या रेषेपर्यंत उतरण्याआधीच निघून जातो.

उजव्या हातात हरणाच्या कातड्याचा हातमोजा (यूगाके) असतो. त्याचा अंगठा कडक केलेला असून प्रत्यंचा त्याच्या मुळाशी असलेल्या खाचेत अडकते. बोटे अंगठ्यावर टेकलेली असतात. बोटे उघडून प्रत्यंचा सोडणे येथे चूक समजतात. दोन्ही बाजूंना सारखा ताण वाढत गेला की ती आपोआप निसटली पाहिजे. साहजिकच बोटांचा दाब किंचित ढळला तरी बाण जातो.

झेपणार नाही इतके कडक धनुष्य आणि नेम लागताच सोडण्याची सवय, ही नेहमी सांगितली जाणारी कारणे. स्पर्धेतील लक्ष्य २८ मीटरवर, ३६ सेंमी. व्यासाचे असते. तेथे बाण लागला की नाही एवढेच मोजतात. हायाके असूनही बाण लागत राहतात, आणि दोष मुरतो तो यामुळेच. पेंढ्याच्या भाऱ्यावर (माकिवारा) दोनेक मीटरवरून सराव करताना हाच माणूस निवांत थांबू शकतो; समोर लक्ष्य आले की थांबणे संपते. त्यामुळे केवळ स्नायूंच्या दुबळेपणावर बोट ठेवणारे स्पष्टीकरण अपुरे वाटते.

या संदर्भात ऑयगेन हेरिगेल यांचे १९४८ चे जर्मन पुस्तक हमखास पुढे केले जाते. १९२० च्या दशकात जपानमधील सेंदाई येथे तत्त्वज्ञान शिकवीत असताना ते आवा केन्झो (१८८०–१९३९) यांच्याकडे धनुर्विद्या शिकले. बाण हिसक्याशिवाय सुटेना, म्हणून सुटीत त्यांनी अंगठ्यावरील बोटांचा दाब हळूहळू कमी करण्याची युक्ती बसवली. परतल्यावर ती पाहताच गुरूंनी धनुष्य हातातून काढून घेतले व पाठ फिरवून बसले, असे ते लिहितात. बाण धनुर्धर नव्हे, ‘ते’ सोडते, ही पुस्तकातील शिकवण विशेष गाजली. ती आवांच्या तोंडी खरोखर होती काय, याविषयी अभ्यासक यामादा शोजी यांनी भाषेच्या अडसराकडे बोट दाखवून शंका घेतली आहे. मुळात हेरिगेल यांची अडचण हायाकेची नव्हतीच, सुटकेची होती. हायाकेवरचा उपाय या पुस्तकात शोधू नये.

उपाय साधेच आहेत व वेळखाऊ आहेत. हलके धनुष्य घेऊन माकिवाऱ्यावर परतणे. रबरी पट्टीच्या सराव-धनुष्यावर काई मोजणे. बाण लावून पूर्ण ताणणे, थांबणे आणि न सोडताच उतरवणे. यांतला शेवटचा सर्वांत कामाचा, कारण न सोडण्याचा निर्णयही आपल्या हाती आहे, हे शरीराला त्यातून कळते. बाण न लावता ताणलेली प्रत्यंचा मात्र कधीही सोडू नये, धनुष्य मोडू शकते. लक्ष्यासमोर लवकर परतल्यास दोष उलटतो.

आखूड काई हा सर्वत्र दोषच होता, असे दिसत नाही. क्योतोच्या सांजूसांगेन्दो मंदिरातील लांब पल्ल्याच्या स्पर्धेत १६८६ मध्ये वासा दाइहाचिरो याने एका अहोरात्रात १३,०५३ बाण मारले व ८,१३३ पार केले, अशी नोंद आहे. म्हणजे एका बाणाला सरासरी सात सेकंदही मिळत नाहीत.

पाश्चात्त्य धनुर्विद्येत ताण पुरा होताच आवाज करणारी क्लिकर ही पट्टी या दोषावर वापरतात. बेअरबो (नेम धरण्याच्या साधनांविना धनुष्य) प्रकारात मात्र तिला परवानगी नाही.